आधी आईचं रक्त, मग आपलं: ओव्हरीच्या आनुवंशिक कॅन्सरसाठी जनुकीय तपासणी करून घेताना

माझ्या आईला २०१७ साली अंडाशयाचा, म्हणजे ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ती तेव्हा ५८ वर्षांची होती. ऑपरेशन झालं, केमोच्या सहा सायकल झाल्या. त्या धावपळीत "हे घराण्यात आहे का?" असं आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही ते सुचलं नाही. दोन वर्षांनी न्यू जर्सीला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने घरपोच येणाऱ्या किटमध्ये लाळ भरून पाठवली. रिपोर्ट आला, काही सापडलं नाही. आईने देवापुढे साखर ठेवली आणि आम्ही तिन्ही भावंडं निर्धास्त झालो.

२०२१ मध्ये आईचा आजार उलटला. नव्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं आणि ब्रॅका-१ या जनुकात बिघाड सापडला. बहिणीच्या किटमध्ये तो बिघाड शोधलाच जात नव्हता. मग आम्ही तिघं तपासलो. मी पॉझिटिव्ह, भाऊ निगेटिव्ह, आणि "काही सापडलं नाही" हा कागद दोन वर्षं जपून ठेवणारी बहीण पॉझिटिव्ह.

मी डॉक्टर नाही. पण या वाटेवर कुठे कुठे पाय घसरतो ते मी पाहिलं आहे. ज्यांच्या घरात आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला ओव्हरीचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वैद्यकीय निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या. त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावं आणि तोंडी कोणते प्रश्न असावेत, एवढं मी सांगू शकते.

आधी हे समजून घ्या: दुसऱ्या समाजासाठी बेतलेली चाचणी आपल्याला का पुरत नाही

ब्रॅका-१ आणि ब्रॅका-२ ही जनुकं प्रत्येकाच्या शरीरात असतात, बाईच्याही आणि पुरुषाच्याही. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. पहिलं १९९४ मध्ये शोधून काढलं गेलं, दुसरं १९९५ मध्ये. जन्मतःच त्यातल्या एकाची प्रत बिघडलेली असेल तर दुरुस्ती कमी पडते आणि कॅन्सरचा धोका वाढतो. एरवी बायकांमध्ये ओव्हरीच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका शंभरात एकाच्या आसपास असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ८० वर्षांच्या वयापर्यंत, ब्रॅका-१ मध्ये बिघाड असलेल्या बायकांमध्ये हा धोका शंभरात ४४ आणि ब्रॅका-२ मध्ये शंभरात १७ निघाला. स्तनाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींत शंभरात सत्तरच्या आसपास होता.

बिघाड एकाच जागी होत नाही. ही जनुकं लांबलचक आहेत आणि त्यांतले घातक बदल हजारोंनी नोंदले गेले आहेत. काही समाजांत मात्र वेगळंच घडलं. मूळचे पूर्व आणि मध्य युरोपातले अश्केनाझी ज्यू पिढ्यान्पिढ्या आपसांत लग्न करत राहिले. त्यांच्यात एखाद्या जुन्या पूर्वजाकडून आलेले तीनच बदल पुन्हा पुन्हा सापडतात: ब्रॅका-१ मधले १८५डेलएजी आणि ५३८२इन्ससी, आणि ब्रॅका-२ मधला ६१७४डेलटी. साधारण चाळिसात एका अश्केनाझी व्यक्तीकडे यांपैकी एक असतो. आइसलँडमध्येही ब्रॅका-२ मधला एकच बदल बहुतेक घराण्यांत दिसतो. अशा बदलांना फाउंडर म्युटेशन म्हणतात, आपण मूळपुरुषाचा वारसा म्हणू. अशा समाजात तीन जागा तपासल्या तरी बरंचसं काम होतं, आणि स्वस्तात होतं. इस्रायलमध्ये २०२० पासून अश्केनाझी वंशाच्या बायकांना घरात कॅन्सरचा इतिहास नसला तरी ही तपासणी सरकारी आरोग्यसेवेतून मिळते.

आता आपल्याकडे पाहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१८ मध्ये ज्या घरगुती लाळ-चाचणीला परवानगी दिली, ती नेमके हेच तीन बदल शोधायची. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाने ती केली आणि "काही सापडलं नाही" असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की ते तीन बदल त्याच्यात नाहीत. बाकी सगळं पुस्तक न उघडताच राहिलं. त्या तिघांपैकी १८५डेलएजी भारतातल्या, ज्यू नसलेल्या कुटुंबांतही सापडला आहे, विशेषतः दक्षिणेत. तरीही भारतीयांचे बदल या तिघांत मावत नाहीत, जनुकभर विखुरलेले असतात. आपल्याला तीन ओळी नव्हे, अख्खं जनुक वाचून घ्यावं लागतं.

अलिबाग-पेणकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली घरांतून कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: तुमचा समाज अश्केनाझींपासून वेगळा वाढलेला आहे. "ज्यूंची चाचणी" म्हणून तीन बदलांची चाचणी कुणी सुचवली तर तिच्यावर थांबू नका.

१. सुरुवात कुणापासून करायची

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि आमच्याप्रमाणे बहुतेकांची चूक इथेच होते. ज्या व्यक्तीला कॅन्सर झाला आहे, तिची तपासणी आधी करा. निरोगी मुलीची नंतर.

कारण साधं आहे. आईच्या रक्तात बिघाड सापडला की नेमकं काय शोधायचं ते कळतं. मग मुलीची तीच एक जागा बघायची आणि उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ येतं. आईला न तपासता मुलीला तपासलं आणि निगेटिव्ह आलं, तर दोन शक्यता उरतात: आईत बिघाड होता आणि मुलीकडे आला नाही, किंवा आईचा आजार या चाचणीत न दिसणाऱ्या कारणाने झाला होता. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि कागदावर मात्र एकच शब्द येतो, निगेटिव्ह.

अंडाशयाचा किंवा गर्भनलिकेचा एपिथेलियल प्रकारचा, म्हणजे आवरणाच्या पेशींतून सुरू होणारा, कॅन्सर झालेल्या प्रत्येक बाईने ही तपासणी करावी, मग वय काहीही असो आणि घरात दुसऱ्या कुणाला कॅन्सर असो वा नसो. भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात ब्रॅकाचा बिघाड निघाला. शिवाय रुग्णाचा स्वतःचाही फायदा होतो. ब्रॅका बिघाड असेल तर ओलापॅरिबसारख्या, पार्प इन्हिबिटर गटातल्या गोळ्या उपयोगी पडतात. आईला त्या मिळाल्या त्या याच रिपोर्टमुळे.

आजारी माणसाला रक्त द्यायला सांगणं जिवावर येतं, हे मला कळतं. पण ती हयात आहे तोवरच हे सोपं आहे. आई २०२३ च्या श्रावणात गेली. तिचं रक्त तपासून झालं होतं, म्हणून मामाच्या घरापर्यंत उत्तर पोहोचू शकलं.

रुग्ण हयात नसेल तर? ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात गाठीचा मेणातला तुकडा, पॅराफिन ब्लॉक, ठेवलेला असतो. जुन्या ब्लॉकमधलं डीएनए बऱ्याचदा खराब झालेलं असतं, तरी विचारून पाहा. तेही नसेल तर निरोगी नातेवाइकाची संपूर्ण तपासणी करता येते. फक्त निगेटिव्ह आल्यावर "सुटलो" असं म्हणायचं नाही.

२. घराण्याचा तक्ता मांडा

समुपदेशकाकडे, म्हणजे जनुकीय तपासणीबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाण्याआधी तीन पिढ्यांचा तक्ता लिहून काढा, आईकडचा वेगळा, वडिलांकडचा वेगळा. वडिलांकडचा "बायकांचा आजार आहे" म्हणून सोडून देऊ नका. बिघडलेली प्रत बापाकडूनही तितकीच येते, प्रत्येक मुलाला आणि मुलीला निम्मी शक्यता. आत्या आणि वडिलांची आई या दोघी फार महत्त्वाच्या.

आपल्याकडे वंशावळी जपणारे लोक आहेत. आमच्याकडे दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात. पण त्यांत माहेरवाशिणी आणि सुना कशाने गेल्या हे सापडत नाही. ते ठाऊक असतं एखाद्या म्हाताऱ्या आत्याला, नाहीतर शेजारच्या काकूंना. मी इस्लामपूरला जाऊन आईच्या चुलतीजवळ दोन दुपारी बसले, तेव्हा आमचा तक्ता पुरा झाला.

विचारताना शब्द जपून ऐका, कारण जुन्या पिढीने ओव्हरीचा कॅन्सर हा शब्द वापरलेलाच नाही. माझी आजी "पोटात पाणी होऊन" गेली असं सगळे सांगायचे. अशी वाक्यं आली की थांबून पुढचं विचारा:

- "पोटात पाणी झालं", "जलोदर झाला", "पोट फुगलं आणि महिन्या-दोन महिन्यांत गेली". पोटात पाणी दारूने किंवा काविळीनेही होतं, म्हणून त्या बाईला आधी यकृताचा आजार होता का तेही विचारा.
- "पोटाचा कॅन्सर". जठराचा, आतड्याचा की गर्भपिशवीच्या बाजूचा?
- "पिशवीचा कॅन्सर". गर्भाशयमुखाचा, गर्भाशयाचा की ओव्हरीचा? गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचा ब्रॅकाशी संबंध नाही.
- "पिशवी काढली होती".

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबते. महाराष्ट्रात तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका घरोघरी आहेत, बीडच्या ऊसतोड बायकांचं तर सगळ्यांना माहीत आहे. पिशवी काढताना ओव्हऱ्या काढल्या की ठेवल्या, हे बहुतेकींना सांगितलेलंच नसतं. ओव्हऱ्या ठेवल्या असतील तर धोका जवळपास तसाच राहतो, आणि "माझी पिशवी नाही, मला काय व्हायचंय" म्हणून ती बाई बेफिकीर असते. दोन्ही ओव्हऱ्या नळ्यांसकट लवकर काढल्या असतील, तर तिला कॅन्सर न होण्याचं कारण ते ऑपरेशनही असू शकतं. तक्त्यात दोन्ही वेगवेगळं लिहा.

प्रत्येकापुढे नाव, आजार, आजार कळला तेव्हाचं वय, आणि हयात आहे की नाही, एवढं हवं. पुरुषांतला स्तनाचा, प्रोस्टेटचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सरही नोंदवा. मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कमी वयात दिसत असेल तर ते ठळक लिहा. तिथे लिंच सिंड्रोम नावाच्या वेगळ्या आनुवंशिक आजाराचा संशय येतो, त्यातही ओव्हरीचा धोका वाढतो.

घरात मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत असेल तर तेही लाजू नका, सांगा. नवरा-बायको दोघांकडे ब्रॅका-२ चा बिघाड असेल तर बाळाला फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होण्याची शक्यता असते. विरळा आहे, पण समुपदेशकाला माहीत असलेलं बरं.

३. कागदांची फाइल

रुग्णाचे:
- बायोप्सी आणि ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. हा सगळ्यांत मोलाचा. "हाय ग्रेड सिरस" (ओव्हरीच्या कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार) असे शब्द त्यात आहेत का पाहा.
- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी
- गाठीवर आधी काही जनुकीय तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट
- रक्त चढवलं असेल तर तारीख

तुमचे:
- घराण्याचा तक्ता
- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र
- स्वतःचे सोनोग्राफी, मॅमोग्राफी, ऑपरेशनचे कागद
- आधी कुठली जनुकीय चाचणी केली असेल तर पूर्ण रिपोर्ट, नुसतं पहिलं पान नको

एक बारीक गोष्ट, जिने आमचे पंधरा दिवस खाल्ले. आईच्या बायोप्सीवर माहेरच्या नावाची एक चिठ्ठी होती आणि आधारवर सासरचं नाव. ब्लॉक कुणाचा हे ठरवताना रुग्णालय अडलं. नावांत फरक असेल तर लग्नाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत फाइलला लावून ठेवा.

४. समुपदेशकाला भेटा, चाचणीच्या आधी

रक्त देऊन मग समुपदेशन, हा क्रम उलटा आहे. जेनेटिक काउन्सेलर आधी तक्ता बघतो, कुणाला तपासायचं आणि कोणती चाचणी घ्यायची ते ठरवतो, उत्तर काहीही आलं तर पुढे काय याची कल्पना देतो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे, आणि त्याच संस्थेच्या खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात या विषयावर अनेक वर्षं काम चालू आहे. इतर शहरांत मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत चौकशी करा. लांब राहणाऱ्यांसाठी बरेच समुपदेशक व्हिडिओवरही बोलतात.

हे प्रश्न विचाराच:
- आमच्यात पहिली तपासणी कुणाची व्हावी?
- या चाचणीत किती जनुकं आहेत, आणि ती पूर्ण वाचली जातात की ठराविक जागा?
- जनुकाचे मोठे तुकडे गहाळ झाले असतील तर ते दिसतील का?
- अर्थ न लागलेला बदल निघाला तर पुढे कोण कळवणार?

५. चाचणीची निवड: सापळे इथेच आहेत

*सापळा पहिला, ठराविक बदलांची चाचणी.* वर सांगितलंच. फॉर्मवर "फुल जीन सिक्वेन्सिंग" असं हवं.

*सापळा दुसरा, अर्धी चाचणी.* अक्षरं वाचणाऱ्या चाचणीला कधीकधी जनुकाचा अख्खा तुकडा गायब असल्याचं कळत नाही. पुस्तकातलं पान फाटलेलं असेल तर उरलेल्या पानांवरचं शुद्धलेखन तपासून काय उपयोग? त्यासाठी एमएलपीए ही वेगळी तपासणी असते, किंवा नव्या पॅनेलमध्ये, म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासणाऱ्या चाचणीत, तुकड्यांची मोजणी अंतर्भूत असते. "डिलीशन-डुप्लिकेशन (तुकडा गायब किंवा दुप्पट असणं) यात तपासतात का?" असं सरळ विचारा.

*सापळा तिसरा, गाठीची तपासणी आणि रक्ताची तपासणी एकच समजणं.* गाठीत सापडलेला बदल फक्त गाठीपुरताही असू शकतो. तो मुलांकडे जाणारा आहे की नाही हे रक्तावरच ठरतं. आणि गाठीत काही निघालं नाही, तरी रक्ताची तपासणी टाळू नका.

*सापळा चौथा, फक्त ब्रॅका.* आरएडी५१सी, आरएडी५१डी, बीआरआयपी१, पीएएलबी२ आणि लिंचची जनुकं यांच्यामुळेही ओव्हरीचा धोका वाढतो. रुग्णाची तपासणी पॅनेलने केलेली बरी. पण शंभर जनुकांचं पॅनेल म्हणजे जास्त चांगलं असं नाही. जितकी जनुकं जास्त, तितके अर्थ न लागलेले बदल जास्त.

घरात बिघाड एकदा सापडला की बाकीच्यांना पॅनेल लागत नाही, तेवढ्याच एका जागेची तपासणी पुरते, आणि ती बरीच स्वस्त पडते. मात्र दुसऱ्या बाजूच्या घराण्यातही कॅन्सर असेल तर समुपदेशक पूर्ण तपासणी सुचवेल.

प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का बघा.

६. विम्याचं आधी बघा

अमेरिकेत २००८ पासून जीना नावाचा कायदा आहे. जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा किंवा नोकरी नाकारायला तो मनाई करतो. आयुर्विमा मात्र त्यात येत नाही. माझ्या बहिणीला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भारतात अशा भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. म्हणून निरोगी माणसाने आपला आरोग्यविमा आणि आयुर्विमा तपासणीआधी मार्गी लावावा. फॉर्ममध्ये विचारलेलं काहीही लपवू नका. लपवलेल्या गोष्टीवरून पुढे दावा नाकारला जातो आणि तो फटका आजारपणात बसतो.

७. नमुना आणि खर्च

हा भाग सोपा आहे. हाताच्या शिरेतून थोडं रक्त, जांभळ्या झाकणाच्या नळीत. उपाशी राहायची गरज नाही. नुकतंच रक्त चढवलं असेल तर किती थांबायचं ते प्रयोगशाळेला विचारा. दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवलेली असेल तर रक्त किंवा लाळ चालत नाही, त्यात दात्याचं डीएनए येतं. तिथे त्वचेचा नमुना लागतो.

संमतीपत्र सावकाश वाचा. रिपोर्ट कुणाला द्यायचा, उरलेला नमुना संशोधनाला वापरायचा का, हे त्यात असतं. आम्हाला आईच्या पॅनेलला वीस हजारांच्या आसपास आणि भावंडांना प्रत्येकी चार-पाच हजार लागले. रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे गेले. दर सारखे बदलतात, दोन-तीन ठिकाणी विचारा. रुग्णाची तपासणी औषध कंपन्यांच्या मदतीने फुकट किंवा सवलतीत होते का, हे ऑन्कॉलॉजिस्टला आवर्जून विचारा. सरकारी योजनेत उपचार बसले म्हणजे ही तपासणीही बसेल असं गृहीत धरू नका.

अठरा वर्षांखालच्या मुलांची ही तपासणी करत नाहीत. मोठं झाल्यावर तो निर्णय त्यांचा.

८. रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्ट घेऊन समुपदेशकाकडेच जा, व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवून अर्थ लावू नका. तरी हे शब्द आधीच माहीत असावेत.

पॅथोजेनिक, लाइकली पॅथोजेनिक: बिघाड आहे. दोन्हींना पॉझिटिव्हच मानतात. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झालाय असं नाही, धोका जास्त आहे.

व्हीयूएस: बदल आहे, पण घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. आपल्याकडे हे उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त वेळा येतं, कारण जगातल्या जनुकीय माहितीच्या साठ्यांत भारतीयांचे नमुने कमी आहेत. आपल्यात नेहमी आढळणारा साधा बदलही तिकडे अनोळखी ठरतो. व्हीयूएसच्या आधारावर ओव्हऱ्या काढू नका, आणि त्यासाठी मुलांनाही तपासू नका. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला किंवा समुपदेशकाला विचारा, वर्गवारी बदलली का? मोबाइल नंबर बदलला तर त्यांना कळवा.

निगेटिव्ह: हा शब्द दोन अर्थांनी येतो. घरातला बिघाड माहीत आहे आणि तुमच्यात तो नाही, तर हा खरा निगेटिव्ह. माझ्या भावाचा तसा आहे. त्याच्या मुलीकडे तो बिघाड त्याच्याकडून जाणारच नाही. आणि घरातला बिघाड माहीत नसताना आलेला निगेटिव्ह, तो अपुरा. तिथे घराण्याच्या इतिहासावरूनच काळजी घ्यावी लागते.

रिपोर्टमध्ये जनुकाच्या नावापुढे अक्षर-आकड्यांची एक ओळ असते. त्या ओळीखाली रेघ मारा. बाकीच्या नातेवाइकांची तपासणी तिच्यावरूनच होते. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने बहिणीकडे तीच मागितली.

९. पॉझिटिव्ह आल्यावर

लगेच काही करायचं नसतं. पहिल्या आठवड्यात मी रोज पोट चाचपायचे. तसं झालं तर घाबरू नका, कुणाशी तरी बोला.

ओव्हरीच्या बाबतीत एक कटू गोष्ट आधीच सांगते: सोनोग्राफी आणि सीए-१२५ची रक्ततपासणी दरवर्षी करून हा कॅन्सर वेळेत सापडतोच असं नाही, आणि त्याने जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून मूल-बाळ झाल्यावर दोन्ही ओव्हऱ्या आणि दोन्ही गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात, ब्रॅका-१ असेल तर साधारण ३५ ते ४० या वयात, ब्रॅका-२ असेल तर ४० ते ४५ मध्ये. त्याने ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. पोटातल्या अस्तराच्या कॅन्सरचा थोडा धोका तरीही राहतो. माझं ऑपरेशन ३९ व्या वर्षी झालं, दुर्बिणीतून, दुसऱ्या दिवशी घरी आले.

ऑपरेशनआधी सर्जनला एक गोष्ट नक्की सांगा: काढलेल्या नळ्या आणि ओव्हऱ्या बारीक चकत्या करून तपासायच्या आहेत, आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर "ब्रॅका पॉझिटिव्ह" असं लिहायचं आहे. यातले बरेचसे कॅन्सर नळीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतात आणि सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाहीत. साधं ऑपरेशन समजून एक-दोन तुकडे पाहिले तर ते निसटू शकतात.

यानंतर पाळी एका दिवसात जाते. अंगातून वाफा, झोप उडणं, योनीचा कोरडेपणा, पुढे हाडं ठिसूळ होणं, हे सगळं येतं आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर हार्मोनच्या गोळ्या पन्नाशीपर्यंत घेता येतात का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा. मी आधी विचारलं नव्हतं. तीन महिने उगाच सोसले.

मूल हवं असेल तर घाई करू नका. गर्भनिरोधक गोळ्यांनी ओव्हरीचा धोका कमी होतो, तोवर त्या घ्यायच्या का ते डॉक्टर ठरवतील. गर्भधारणेआधी भ्रूण तपासून घेण्याचा मार्गही आहे, समुपदेशकाला विचारा. स्तनांसाठी वर्षाला एमआरआय आणि ठरलेल्या वयानंतर मॅमोग्राफी चालू करावी लागते.

पॉझिटिव्ह पुरुषांनीही फाइल बंद करू नये. प्रोस्टेट आणि स्तन यांची तपासणी त्यांनाही लागते.

१०. घरात सांगणं

आम्हाला सगळ्यांत जड गेलं ते हे. लग्नाच्या मुली असलेल्या घरांत "हे बाहेर कळलं तर?" हाच पहिला प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही. म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. एकेकाला भेटा किंवा फोन करा, आधी मोठ्यांना. समुपदेशकाकडून साध्या भाषेतलं एक पत्र घ्या, त्यात बिघाडाची ती ओळ असते आणि नाव घालायची गरज नसते. ते हातात दिलं की तुम्हाला वाद घालावा लागत नाही.

मामाला मी असं पत्र दिलं. तो ६६ वर्षांचा, "मला काय करायचंय आता" म्हणाला. "तुला नाही, पोरीला" एवढंच मी म्हटलं. त्याने रक्त दिलं, पॉझिटिव्ह निघाला. त्याची मुलगी, माझी मामेबहीण, ३३ वर्षांची आहे, आणि तिने अजून तपासणी केलेली नाही. न जाणून घेण्याचा हक्क तिचा आहे, समुपदेशकांनी हे मला नीट समजावलं. मी तिला एकदाच सगळं सांगितलं. आता दिवाळीला भेटतो तेव्हा मी विषय काढत नाही. त्या ओळीखाली रेघ मारलेली रिपोर्टची प्रत, समुपदेशकांचा नंबर आणि आजीपासूनचा तक्ता तिच्या नावाच्या पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवला आहे. कुठे आहे ते तिला माहीत आहे.